निवडून दिलेला काळोख

श्रीधर आठल्ये यांनी आयुष्यात एकच मोठी चूक केली. लहानसहान चुका करायला लागतं तेवढंही त्यांच्या आयुष्यात काही घडलं नव्हतं. जन्म सदाशिव पेठेत, शाळा सदाशिव पेठेत आणि नोकरीही तिथेच, घरापासून चार गल्ल्या सोडून. लग्नानंतर बायकोच्या शाळेसाठी कर्वेनगरला राहायला गेले, तर तेवढ्यानेही त्यांना परगावी आल्यासारखं वाटत राहिलं. बेताची उंची, पांढरा बुशशर्ट, खिशात एक भिंग आणि मलमलीचा तुकडा. बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते असं की समोरच्याने पुन्हा विचारू नये. कुणी नाव विचारलं तर आधी ‘कशासाठी?’ असं विचारणाऱ्यांपैकी ते होते.

नोकरी होती छायापट मंडळात. मंडळ म्हणजे एका सभागृहामागच्या दोन खोल्या आणि त्यांत जमिनीपासून छतापर्यंत रचलेले फिल्मचे डबे. फिल्म सोसायट्यांच्या भरभराटीच्या दिवसांत तिथून सोलापूर, नाशिक, मिरज, पार नागपूरपर्यंत सोळा मिलिमीटरचे सिनेमे भाड्याने जात. सिनेमा गेला, दाखवला, परत आला की आठल्यांच्या टेबलावर यायचा. दोन बाजूंना दोन चक्र्या, मधे खालून दिवा लावलेली दुधी काच, आणि त्या काचेवरून फिल्म बोटांमधून सरकवत न्यायची. कुठे कडेची भोकं फाटलीत, कुठे जोड सुटलाय, कुठे ओरखडा पडलाय ते शोधायचं, दुरुस्त करायचं आणि डबा जागेवर ठेवायचा. ह्या कामाला ‘चेकर’ म्हणत. अठ्ठावीस वर्षं आठल्ये चेकर होते आणि ह्या पदाला बढती नसते हे त्यांना दुसऱ्या वर्षी कळलं होतं.

ह्या कामातल्या काही गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. फिल्मची एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर चित्राचा थर. जोडताना थर खरवडावा लागतो, म्हणून बाजू ओळखावी लागते, आणि नुसत्या डोळ्यांना ती पटकन कळत नाही. मग जाणता माणूस फिल्मचं टोक खालच्या ओठाला लावतो. थराची बाजू ओठाला जराशी चिकटते, दुसरी चिकटत नाही. मंडळाचे संस्थापक, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांनी पहिल्याच दिवशी आठल्यांना हे करून दाखवलं आणि म्हणाले, “जो फिल्म कडेने धरतो आणि ओठाला लावतो तो आपला. बाकी सगळे प्रेक्षक.” दादा गेले, पण आठल्यांनी ते वाक्य जन्मभर खरं मानलं.

मंडळाकडे सगळ्या तऱ्हेचे सिनेमे होते. आठल्यांचा जीव मात्र काळ्या सिनेमांवर. काळे म्हणजे नुसते रंग नसलेले नव्हेत. ज्यांत उजेड मोजूनमापून, जवळजवळ नाइलाजाने दिलेला असतो ते. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीत लोकांनी असे सिनेमे काढायला सुरुवात केली. भिंती तिरक्या, दारं माणसाच्या दुप्पट उंच, सावल्या तर कधीकधी सरळ भिंतीवर रंगवूनच काढलेल्या. पुढे तिथे राहणं जिवावर बेतलं तेव्हा त्यांतले बरेच जण अमेरिकेला पळाले आणि आपला काळोख बरोबर घेऊन गेले. मग दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे ओले रस्ते आले, खिडकीच्या पट्ट्यांतून चेहऱ्यावर पडणारा चिरलेला उजेड आला, कपाळापर्यंत ओढलेल्या टोपीखाली अर्धा चेहरा नसलेली माणसं आली. फ्रान्समधल्या बंदरांचं धुकं तर त्या युद्धाच्याही आधीचं. आणि पन्नासच्या दशकात मुंबईच्या कॅमेरामननीही हे सगळं नीट पाहून ठेवलं होतं.

आठल्यांना हा इतिहास कुणी शिकवला नव्हता. तो त्यांनी काचेवर पाहिला. सकाळी जर्मन रीळ तपासायचं, दुपारी अमेरिकन, आणि मग लक्षात यायचं की जिन्यावर पडलेला हा उजेड सकाळीच येऊन गेला आहे. एका घरातली माणसं आडनाव न सांगता ओळखू यावीत, तसे ते ह्या सिनेमांची नाती लावायचे. सिनेमांना ते त्यांच्या नावांनी हाकही मारत नसत. ‘जिन्याची’, ‘पट्ट्यांची’, ‘एका काडीची’ अशी त्यांची नावं. ‘एका काडीची’ म्हणजे जिच्यात एक माणूस अंधारात काडी ओढतो आणि समोर बसलेली बाई आपल्याला पहिल्यांदाच दिसते, काडी विझेपर्यंत.

ह्या प्रेमाला एक कामाचं कारणही होतं. उजेडाच्या सिनेमात ओरखडा खपून जातो. काळ्यात तो पांढऱ्या रेघेसारखा वरून खालपर्यंत दिसतो, लपत नाही. म्हणून काळ्या सिनेमांना आठल्यांची जास्त गरज होती, आणि ज्याला आपली गरज असते त्याच्यावर माणूस जीव टाकतो. दुसरं कारण त्यांनी फक्त सरोजिनीबाईंना, म्हणजे बायकोला, सांगितलं होतं. त्यांचं लहानपणीचं घर तळमजल्यावर, अशा बोळात की दुपारी बारालाही दिवा लावावा लागे. आई शिवणाला बसायची ती एकुलत्या एक खिडकीशी. तिचा अर्धाच चेहरा दिसायचा. पहिलं जर्मन रीळ काचेवर आलं तेव्हा एका बाईचा तसाच चेहरा त्यांना दिसला आणि ते चक्री थांबवून पाच मिनिटं नुसते बसून राहिले. कर्वेनगरच्या घरात सरोजिनीबाईंनी प्रत्येक खोलीत ट्यूबलाइट लावून घेतली होती. आठल्ये तक्रार करायचे नाहीत, पण पेपर वाचायला जिन्यात जाऊन बसायचे.

नव्वदनंतर सगळं झपाट्याने उतरणीला लागलं. घरोघर केबल आली. फिल्म सोसायट्यांचे सभासद म्हातारे झाले, मग त्या सोसायट्याच बंद पडल्या. महिन्याला चाळीस डबे बाहेर जात होते ते चारवर आले, मग एकही जाईना. आठल्ये तरी रोज साडेदहाला जायचे आणि क्रमाने एकेक डबा काढून फिल्म एकदा फिरवून ठेवायचे. फिल्म वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की आखडते, तिला आंबट वास सुटतो आणि ती मरते. आठल्यांच्या डब्यांना वास नव्हता.

नव्याण्णवच्या मार्चमध्ये मंडळाचे सचिव रावसाहेब आले. सचिव होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती आणि त्या खोल्यांत ते तिसऱ्यांदा येत होते.

“आठल्ये, ह्या खोल्यांत जूनपासून कॉम्प्युटरचा क्लास बसणार आहे,” रावसाहेब म्हणाले. “डबे हलवायचेत.”

“कुठे?”

“ते तुम्ही सांगायचं. अठ्ठावीस वर्षं तुम्हीच हलवताय.”

दोन गिऱ्हाइकं होती. एक, सरकारी चित्रपट संग्रहालय. ते फुकट न्यायला तयार होते, पण जागेअभावी फक्त अर्धे. दुसरा, खडकवासल्याच्या रस्त्याला शेड असलेला कुणी सीताराम म्हणून माणूस, जुनी फिल्म घेणारा. तो उरलेले अर्धे नेणार होता.

“कुठले कुणाला द्यायचे ते तुम्ही ठरवा,” रावसाहेब म्हणाले. “मला त्यातलं कळत नाही, आणि ह्या वयात कळून घ्यायची इच्छाही नाही.”

“हा सीताराम फिल्म घेऊन काय करतो?” आठल्यांनी विचारलं.

“आठल्ये, लोक आपल्याकडचं न्यायला तयार आहेत. त्यांची मुलाखत घ्यायची नसते.”

आता खरा प्रश्न आठल्यांच्या पुढ्यात आला. अर्धे वाचतील, अर्ध्यांचं काय होईल सांगता येत नाही. साध्या माणसाने डोळे मिटून चांगले सिनेमे संग्रहालयाला दिले असते. पण आठल्ये साधे नव्हते, अनुभवी होते. सरकारी कचेरीत कागदाचं काय होतं ते त्यांनी पेन्शनच्या एका अर्जावरून पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे एक कुलूपबंद गोदाम उभं राहिलं, जिथे डबा उघडायला तीन सह्या लागतात, म्हणून तो कुणी उघडत नाही. संग्रहालय त्यांनी कधी आतून पाहिलं नव्हतं. चालत अर्ध्या तासावर होतं, पण ते गेले नाहीत.

सीताराम आला तो एका मंगळवारी सकाळी. पन्नाशीचा, सावळा, इस्त्रीचा शर्ट, पायांत साध्या चपला. दारातच चपला काढल्या. “साहेब, बघू का जरा?” म्हणाला. आठल्यांनी त्याच्यापुढे मुद्दाम एक डबा ठेवला आणि पाहत राहिले.

सीतारामने आधी हात रुमालाला पुसले. झाकण न आपटता उघडलं. फिल्म कडेने धरली, बोटं चित्राला कुठेही लागू न देता वीतभर बाहेर ओढली, खिडकीच्या उजेडाला लावली. मग टोक अलगद खालच्या ओठाला टेकवलं.

दादांनंतर हे करताना आठल्यांनी दुसऱ्या माणसाला पाहिलंच नव्हतं.

“कुठे शिकलात हे?” त्यांनी विचारलं, आणि आवाजात नेहमीचा कोरडेपणा नव्हता.

“मुंबईला, लॅबमधी. फिल्म धुवायचो. एकवीस वर्षं होतो. मग लॅब बंद झाली, आलो गावाकडं.” सीतारामने फिल्म पुन्हा उजेडाला लावली. “ही चांगली काळी हाय. अशी अजून किती हायती?”

असा प्रश्न आठल्यांना कुणी कधी विचारला नव्हता. सरोजिनीबाईंनी नाही, मुलगा सलिलने नाही, फिल्म सोसायटीच्या विद्वानांनी तर नाहीच. ते दिग्दर्शकांची नावं विचारायचे. आणि हा लॅबमधला माणूस एक वीतभर फिल्म पाहून नेमक्या जागी बोट ठेवत होता. आठल्ये उठले आणि त्याला मागच्या भिंतीकडे घेऊन गेले.

पुढच्या दीड तासात ते जेवढं बोलले तेवढं अख्ख्या वर्षात बोलत नसत. त्यांनी ‘जिन्याची’ दाखवली. ‘पट्ट्यांची’ दाखवली. जर्मन काळोख आणि अमेरिकन काळोख ह्यांतलं नातं समजावलं. सीताराम मन लावून ऐकत होता. प्रत्येक फिल्म उजेडाला लावून मान हलवत होता. लबाड माणूस नव्हता तो. विचारलं असतं तर त्याने जे असेल ते सांगितलं असतं. पण ज्याने ओठाला फिल्म लावली त्याला ‘हे कशाला नेताय?’ असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं आठल्यांना वाटलं. त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की हा माणूस हे सिनेमे चालवणार. गावोगाव फिरवेल, पडद्यावर लावेल, निदान चक्रीवर तरी फिरवेल.

“मला समदी काळीच द्या साहेब,” जाताना सीताराम म्हणाला. “पांढरी, गाण्याबिण्याची त्या सरकारवाल्यांना जाऊ द्या.”

“तसंच करू,” आठल्ये म्हणाले.

निवडायला त्यांनी तीन दिवस घेतले. एकेक रीळ काचेवर घेऊन, काळेपणा पाहून, सगळ्यांत काळं सर्वांत पुढे अशा क्रमाने एक्क्याऐंशी सिनेमे त्यांनी वेगळे काढले. दोन-तीन ठिकाणी मन अडखळलं. एका सिनेमात अर्धा भाग भर उन्हातला होता, तो संग्रहालयाच्या ढिगात टाकला, मग पुन्हा उचलून आणला, मग परत टाकला. प्रत्येक डब्यात एक कार्ड लिहून ठेवलं: कुठल्या रिळात काय पाहण्यासारखं आहे, कुठला जोड नाजूक आहे, प्रोजेक्टरचा दिवा कमी करू नये. सरोजिनीबाई म्हणाल्या, “अहो, मुलीची पाठवणी असल्यासारखं करताय.” त्यांना मुलगी नव्हती. पण आठल्यांना ते आवडलं.

टेम्पो आला, डबे गेले. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाची गाडी आली आणि पौराणिक सिनेमे, गाण्यांचे सिनेमे, कालवे आणि धरणांवरचे माहितीपट घेऊन गेली. जूनमध्ये त्या खोल्यांत पांढरे पंखे, पांढरे पडदे आणि वीस कॉम्प्युटर आले. आठल्यांना मंडळाने शाल आणि नारळ दिला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी ते घरी बसले.

दिवाळीपर्यंत त्यांनी वाट पाहिली. सीताराम काही कळवेल, कुठे खेळ लागल्याचं सांगेल असं वाटत होतं. शेवटी नोव्हेंबरात एका सकाळी ते स्वतःच खडकवासल्याच्या बसमध्ये बसले. धायरीच्या पुढे उतरून विचारत विचारत गेले. शेड लांबूनच कळली, कारण तिच्या कुंपणावर, तारांवर, बाभळीच्या फांद्यांवरसुद्धा फिल्म वाळत घातली होती. उन्हात ती चमकत होती. आठल्यांनी जवळ जाऊन एक पट्टी कडेने धरली आणि उजेडाला लावली. पलीकडे सीतारामची शेड दिसली, बाभूळ दिसली, आकाश दिसलं. फिल्मवर काही नव्हतं. भोकं तेवढी होती.

आत प्लॅस्टिकची चार मोठी पिंपं होती आणि दोन चुली. एका पिंपाशी बसून एक बाई काठीने ढवळत होती. सीताराम धावत बाहेर आला. मनापासून आनंद झाला होता त्याला.

“या साहेब, या! कांताबाई, हेच ते साहेब, पुण्याचे. बसायला दे.”

“हे काय चाललंय?” आठल्यांनी विचारलं.

आणि सीतारामने सांगितलं. सगळं, हातचं काही न राखता, एका जाणकाराने दुसऱ्याला सांगावं तसं. रंगीत फिल्ममधली चांदी लॅबमध्येच निघून जाते. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये मात्र चित्रच चांदीचं असतं. उजेडाच्या जागी ती धुऊन गेलेली असते, काळोख असतो तिथे राहते. जेवढा काळोख, तेवढी चांदी. फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकली की थर सुटतो, गाळ खाली बसतो, तो जाळला की चांदी हाताला लागते. उरलेली साफ पट्टी बांगड्यावाले नेतात, शर्टाच्या कॉलरवाले नेतात.

“लई शेड बघितल्या मी,” सीताराम म्हणाला. “पण तुमच्या डब्यांतनं निघाली तशी चांदी कुठं निघाली नाय. नंबरानं लावून दिलं होतं तुम्ही. एक फूट वाया गेलं नाय, आईशप्पत.”

“सगळे झाले?”

“समदे. ह्या पिंपात शेवटचं हाय.”

आठल्ये पिंपाशी गेले. पाणी काळं होतं आणि त्यात फिल्मचं भेंडोळं वर-खाली होत होतं. एक टोक वर आलं. त्यांनी हात घातला.

“अहो हात नका घालू, जळंल!” कांताबाई ओरडली.

त्यांनी टोक पकडून वर ओढलं. वीतभर फिल्मवर अजून काहीतरी होतं. एक जिना होता, किंवा जिन्याचा कठडा. त्यांनी ते उजेडाला लावायला उचललं तर काळं सगळं सुटून त्यांच्या मनगटावरून खाली ओघळलं, बुळबुळीत, आणि बोटांत साफ पट्टी राहिली. एवढा वेळ त्यांना हात पोळल्याचं कळलंच नव्हतं. कांताबाईने मनगट धरून हात थंड पाण्याच्या रांजणात बुडवला, आणि तेव्हा ते पहिल्यांदा ओरडले.

सीतारामने खोबरेल लावलं, फडकं बांधलं, चहा करवला. आठल्यांनी तो चहा प्यायला. आयुष्यभर त्यांना ह्याची लाज वाटत राहिली की त्या दिवशी तिथे बसून आपण चहा प्यालो आणि कप खाली ठेवताना ‘छान झालाय’ असंही म्हणालो. निघताना सीताराम आतून एक पुडकं घेऊन आला. सुतळीने नीट बांधलेली एक्क्याऐंशी कार्डं होती.

“हे तुमचं राहिलं होतं,” तो म्हणाला. “एवढं लिवलेलं, टाकवंना. आणि साहेब, मिरजेला फिल्मची एक जुनी लायबरी निघतीया विकायला. तुम्ही आलात निवडायला तर बरं होईल. तुमची नजर कुणाला नाय.”

घरी आल्यावर आठल्ये वाट पाहत राहिले की आता कुणीतरी आपल्याला बोलेल. सरोजिनीबाईंनी हात पाहिला, डॉक्टरकडे नेलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जाऊ दे आता, अहो. डोळ्यांत गेलं नाही हे नशीब.” ते रावसाहेबांकडे गेले. रावसाहेब म्हणाले, “म्हणजे भंगारच ना? मग आपण तरी दुसरं काय समजत होतो?” सलिल तेव्हा अमेरिकेत होता, कॉम्प्युटरांच्या वायटूके दुरुस्तीसाठी तिकडे नेलेल्या शेकडो पोरांतला एक. त्याने फोनवर सांगितलं, “बाबा, सगळं आता सीडीवर मिळतं. चिल.” रागावलं कुणीच नाही. रागवायला आधी काय गेलं ते कळावं लागतं, आणि ते कळणारा पुण्यात एकच माणूस होता. तो स्वतःवर रागावून रागावून थकला. बोटांची कातडी बरी झाली, पण टोकांना स्पर्श कळेनासा झाला. शर्टाची बटणं सरोजिनीबाई लावून द्यायच्या.

चार वर्षांनी, दोन हजार तीनच्या पावसाळ्यात, फोन आला. संग्रहालयात कॉम्प्युटरवर नोंदी करण्याचं काम चाललं होतं आणि त्यासाठी कंत्राटावर घेतलेली उत्कर्षा नावाची मुलगी बोलत होती. मूळची यवतमाळची, कर्वेनगरलाच मुलींच्या होस्टेलवर राहायची. तिला मंडळाचं छापील सूचिपत्र सापडलं होतं.

“काका, ॲक्च्युली ह्या लिस्टमधले एक्क्याऐंशी पिक्चर आमच्याकडे आलेच नाहीत,” ती म्हणाली. “आमच्या मॅडम केव्हाच्या म्हणतात, तेच तर मेन होते. आम्ही त्यांच्यासाठीच तर कोल्ड स्टोरेजमधे एक पूर्ण रॅक खाली ठेवली होती. अजूनही रिकामीच आहे. ते कुठे आहेत, काही आयडिया?”

आठल्ये फोन धरून उभे राहिले. सरोजिनीबाईंना वाटलं, अमेरिकेतून काही वाईट बातमी आली.

“मी येतो तिकडे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते चालत गेले. अर्धा तास लागला. उत्कर्षाने कौतुकाने आधी ती थंड खोली दाखवली. दार उघडायला सही लागली नाही. आत बोचरी थंडी होती, रांगेने डबे होते आणि प्रत्येक डब्यावर शेवटचा कधी फिरवला त्याची तारीख होती. मधली एक मांडणी वरपासून खालपर्यंत रिकामी होती. आठल्ये तिच्यासमोर उभे राहिले. कितीही वेळ पाहिलं तरी ती रिकामीच होती. इथे यायला हवं होतं, नव्याण्णवच्या मार्चमध्ये, एकदा, चालत. त्यांच्या तोंडून एवढंच आलं, “पोरी, मला जरा बसू दे.”

मग कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. चहासुद्धा सांगितला. उत्कर्षाचे डोळे भरून आले.

“पण काका, तुम्हाला कसं माहीत असणार?”

“मला नाही तर कुणाला?” आठल्ये एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

मग त्यांनी पिशवीतून कार्डांचं पुडकं काढलं. निदान कशात काय होतं ते तरी लिहून ठेवता येईल, असं उत्कर्षाच म्हणाली. तिने पहिल्या सिनेमाची नोंद उघडली. नाव, साल, देश, रिळं. कार्डावरचा मजकूर उतरवून घेतला. ‘सद्यःस्थिती’ पुढे तिने ‘नष्ट’ निवडलं. त्यावर पडद्यावर आणखी एक चौकट उघडली: नष्ट होण्याचं कारण. खाली यादी होती. आग. पाणी. बुरशी. चोरी. वाहतुकीत गहाळ. अज्ञात.

“अज्ञात टाकते, काका,” ती हळूच म्हणाली. तिला त्यांच्यावर दया करायची होती.

“नको. अज्ञात म्हणजे कुणालाच माहीत नाही. लिहा, चेकरने निवडून दिली.”

“तसं नाही लिहिता येत. ह्यातलंच एक सिलेक्ट करावं लागतं, नाहीतर पुढे जात नाही ते.”

आठल्यांनी खिशातून भिंग काढलं, पडद्याशी वाकून यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

“चोरी घ्या,” ते म्हणाले.

“काका, चोरी टाकलं तर चोरणाऱ्याचं नाव विचारतं.”

“नावाला जागा आहे?”

“आहे.”

“मग लिहा. श्रीधर गणेश आठल्ये.”

उत्कर्षाने हात मागे घेतले. मॅडम काय म्हणतील, असं काहीतरी पुटपुटली. “मी खाली सही करतो,” आठल्ये म्हणाले. “तुमच्यावर काही येणार नाही.” तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग टाइप केलं. नोंद पूर्ण झाली. पुढची उघडली.

“बाकीच्या ऐंशींना हेच कॉपी-पेस्ट करून टाकू का?” तिने विचारलं. “दोन मिनिटांत होईल.”

“नको,” आठल्ये म्हणाले. “एकेक लिहा. मी बसलोय.”